आबांच्या जीपबद्दल दादाला

मस्कत,
शुक्रवार

प्रिय दादा,
सप्रेम नमस्कार.

जीपचे फोटो मिळाले. शेडमधून बाहेर काढून आधी धुतलीस हे फार बरं केलंस. मातीखाली रंग किती उरलाय आणि गंज किती चढलाय हे त्याशिवाय कळत नाही. फोनवर आपलं निम्मं बोलणं आई-आबांच्या औषधांत जातं, म्हणून आज सुट्टीच्या दिवशी सगळं लिहूनच काढतोय.

तुझी यादी वाचली. रुंद टायर, उंची वाढवायची, पुढे बुलबार (बंपरपुढचा लोखंडी दांडा) आणि विंच (अडकलेली गाडी दोरानं ओढणारं यंत्र), जमलं तर इंजिनच बदलायचं. हौस मला समजते, ती माझ्यातही आहे. पण पहिला पैसा ब्रेकवर जाऊ दे, त्यानंतरचा स्टिअरिंगवर, आणि ही दोन कामं पुरी होईपर्यंत बाकी काहीही विकत घेऊ नकोस. ही गाडी साताऱ्याच्या बोगद्यातून बाहेर पडून चाळकेवाडीच्या शेतावर चढणार, आणि संध्याकाळी आबांना शेजारी बसवून बोरणे घाट उतरणार. चढताना इंजिन कमी पडलं तर गाडी थांबेल, एवढंच. उतरताना काय कमी पडलेलं चालणार नाही, ते तू जाणतोस.

इथं मस्कतपासून दोन-अडीच तासांवर जेबेल अख्दर नावाचा डोंगर आहे. वरचं पठार सुमारे २,००० मीटर उंच, तिथं डाळिंबाच्या आणि गुलाबाच्या बागा आहेत. रस्ता चांगला रुंद, डांबरी, तरीही पायथ्याला बिरकत अल मौझपाशी पोलिसांची चौकी आहे आणि फोर बाय फोर नसलेली गाडी ते वर सोडत नाहीत. रस्ता खराब आहे म्हणून नव्हे, उतारावर ब्रेक तापतात म्हणून. सारखा पाय दाबून उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक लायनर (घासणाऱ्या पट्ट्या) जळतात, ऑइल उकळतं, आणि पेडल खाली जाऊनही काही धरत नाही. लो गिअर असलेली गाडी इंजिनाच्या जोरावर स्वतःला धरून उतरते. आमच्या गॅरेजला त्या वाटेनं जाणाऱ्या लँड क्रूझर येतात, त्यांचं पहिलं काम आम्ही ब्रेक उघडण्याचंच करतो.

आता आपल्या गाडीकडे. चारही चाकांना ड्रम आहेत. चारही उघड, एक-दोन पाहून बाकीच्यांचा अंदाज करू नकोस. चाकातल्या पट्ट्या ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचं रबर उचलून बघ, आत ओल दिसली की सिलिंडर नवाच घाल. ड्रमला चर पडले असतील तर लेथवर मारून घे, पण ड्रमवर कोरलेल्या मापापुढे तो गेला असेल तर टाकून दे, पातळ ड्रम तापून फुगतो. लोखंडी पाइपची गंजलेली जागा घासून पुन्हा वापरू नकोस, चासीवरून मागे जाणारा पाइप सगळा नवा ओढ. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि आपल्याकडच्या पावसात तर जास्तच. डॉट ३ जातीचं ऑइल ताजं असताना २०५ अंशांच्या वर उकळतं, पाणी शोषल्यावर तो आकडा १४० पर्यंत खाली येऊ शकतो. जुनं सगळं काढ, पाइप धुऊन घे, नवं भर आणि दरवर्षी पावसाळा संपला की बदल.

पेडल दाबलं की चारही चाकांकडे ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडर मात्र नक्की बदल. जुना एकेरी असेल तर एकच पाइप फुटला तरी चारही चाकांचे ब्रेक जातात. दुहेरी मास्टरमध्ये पुढचे आणि मागचे वेगळे होतात, एक बाजू गेली तरी दुसरी हाताशी राहते. साऱ्या कामात मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी वस्तू हीच, आणि टायरच्या किमतीपुढे ती काहीच नाही. पेडलचा जोर वाढवणारा बूस्टर लावायचा विचार केलास तर एक लक्षात ठेव: डिझेल इंजिन पेट्रोलसारखं स्वतःचं व्हॅक्यूम तयार करत नाही, त्याला मागे पंप असलेला अल्टरनेटर लागतो. नुसता बूस्टर बसवून कुणी काम झालं म्हणालं तर पैसे देऊ नकोस.

स्टिअरिंगची परीक्षा तुला अंगणातच करता येईल. पुढचं एक्सल जॅकवर घे, खाली लाकडाचे ठोकळे लाव. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नकोस, हे मी हात जोडून सांगतोय. चाक वर आणि खाली धरून हलव. खेळ जाणवला तर वहिनीला किंवा पोराला ब्रेक दाबायला सांग आणि पुन्हा हलव. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर व्हील बेअरिंग ढिलं आहे, राहिला तर किंगपिनची (चाक ज्यावर वळतं त्या खुंटीची) बेअरिंगं गेली. मग चाक डावीकडून-उजवीकडून धरून हलव, तिथला खेळ टायरॉडच्या (दोन्ही पुढची चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या) एंडचा. महामार्गावर एखाद्या खड्ड्यानंतर पुढची चाकं थरथरायला लागतात आणि स्टिअरिंग हातात राहत नाही, त्याचं मूळ बहुतेक वेळा या तीनपैकी एका जागी असतं. त्यावर स्टिअरिंगचे धक्के शोषणारा डॅम्पर बसवला की थरथर लपते, झीज तशीच राहते. किंगपिनच्या शिम (पातळ चकत्या) घालून ताण जुळवायचा असतो, ते काम घाईच्या हातात देऊ नकोस.

उंची वाढवण्याबद्दल. गाडी बसलेली दिसते कारण पाटे बसलेत. सगळे पाटे उतरवून कमानपाटेवाल्याकडे दे, मधला तुटलेला पाटा बदलून कमान पुन्हा मारून घे, शॅकलचे (पाटा चासीला जोडणाऱ्या कडीचे) बुश आणि पाटे एक्सलला आवळणारे यू-बोल्ट नवे घाल. यू-बोल्ट एकदा काढला की तोच परत आवळायचा नाही, त्याचे आटे ताणलेले असतात. एवढ्यानं गाडी मूळच्या उंचीला येईल आणि मला वाटतं तुझं समाधान होईल. त्यापेक्षा उंच केलीस तर जॉइंट क्रॉसचा (शाफ्टच्या टोकाच्या सांध्याचा) कोन वाढतो, शाफ्ट कंप देतो आणि वळणावर गाडी कलते. टायर मोठे घातले की ब्रेकला तेवढंच जास्त ओढावं लागतं आणि स्पीडोमीटर खरा वेग कमी दाखवतो. माप मूळचंच ठेव, फक्त टायर ताजे घे. बाजूवर चार आकडे असतात: २३२४ असेल तर तो २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी शाबूत दिसणारा जुना टायर आतून दगड झालेला असतो, आणि ठोसेघरच्या पावसाळी धुक्यात ओल्या डांबरावर तो पकडत नाही.

इंजिन काढू नकोस, दादा. ते प्युजोचं आहे, एक्सडीपी ४.९०. चार सिलिंडर, ९० मिलिमीटरचा बोअर, म्हणून ते नाव. स्ट्रोक ८३, सगळं मिळून २,११२ सीसी. ताकद फार नाही, पण खालच्या फेऱ्यांत ओढतं, आणि आत ओले लायनर (सिलिंडरचे सुटे, बाहेरून पाणी लागणारे नळे) असल्यानं ब्लॉक न फेकता ते बदलता येतात. आबांनी शेणखताच्या ट्रॉल्या याच इंजिनावर ओढल्या. सकाळी पांढरा धूर देऊन उशिरा पेटत असेल तर आधी थंड इंजिन तापवणारे ग्लो प्लग तपास. काळा धूर असेल तर एअर फिल्टर आणि इंजेक्टर. निळा असेल आणि ऑइलच्या झाकणातून बॅक कॉम्प्रेशन (सिलिंडरमधून निसटलेला दाब) येत असेल, तरच इंजिन उघडायचा विषय. लेथकामाला आपल्या मुलखात माणसं आहेत. किर्लोस्करवाडी १९१० ची, कोल्हापूरचं उद्यमनगर दोन-अडीच तासांवर. तिथले टर्नर जे माप धरतात ते मला इथं पैसे मोजूनही सहज मिळत नाही.

रेडिएटर मात्र उघडून आतल्या नळ्या साफ करून घे आणि कूलंट घाल. नळाच्या पाण्यानं आत क्षार बसतो, तोच पुढे घाटात इंजिन तापवतो. इथं उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तरी कूलंट घालून नीट ठेवलेल्या जुन्या गाड्या दिवसभर चालतात.

कायद्याची बाजूही पाहून घे. इंजिन किंवा मूळ रचना बदलायची तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची आधी परवानगी लागते. उत्पादकानं ठरवलेल्या मूळ रचनेपासून फारकत घेणारे बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ च्या जानेवारीत स्पष्ट केलंय. बुलबारविरुद्ध केंद्र सरकारनं २०१७ च्या डिसेंबरातच राज्यांना सूचना दिल्या. चालणाऱ्या माणसाला तो जीवघेणा ठरतो, आणि गावच्या यात्रेत आपली गाडी माणसांतूनच जाते. म्हणून बुलबार यादीतून कायमचा काढ. विंचचं मग बघू. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी नवी करावी लागते, तेव्हा तपासणीत ब्रेक, दिवे आणि धूर पाहतात. म्हणजे मी सांगितलेल्या कामांचा तिथंही उपयोग होईल.

डिफरन्शियलच्या (वळताना चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणाऱ्या गिअरच्या) हाऊसिंगवर एक छोटा ब्रीदर, म्हणजे हवा जायचं भोक, असतो, तो मातीनं बुजलेला असणारच. तापलेलं एक्सल ओढ्याच्या गार पाण्यात उतरलं की आतली हवा आकसते आणि बुजलेल्या ब्रीदरमुळे ऑइल सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ऑइल दुधासारखं दिसलं की हेच झालंय असं समज. ब्रीदर मोकळा कर आणि त्याला रबरी नळी जोडून बॉनेटखाली उंच नेऊन बांध.

फोर बाय फोर कोरड्या डांबरावर टाकू नका, हे आबांनाही सांग. आपल्या गाडीत मधलं डिफरन्शियल नाही. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांब वाट कापतात, तो फरक जायला जागा नसली की सगळा ताण गिअर आणि शाफ्टवर येतो. पुढचे हब मोकळे करून पुढची चाकं शाफ्टपासून सोडवण्याची सोय आहे का ते बघ. असेल तर हब मोकळे ठेवून लो गिअर टाकता येईल आणि बोरणे घाटात गाडी डांबरावरही स्वतःला धरून उतरेल. आणि कासच्या सड्यावर ही गाडी कधीच उतरवू नकोस. तिथं कातळावर बोटभर माती आहे, एका चाकाच्या चाकोरीत पुढच्या कित्येक पावसांत काही उगवत नाही.

चासीला वेल्डिंग करशील तेव्हा बॅटरीच्या तारा आणि अल्टरनेटरचं कनेक्शन सोड, डिझेलची टाकी उतरव. शॅकलचे हँगर जिथं चासीला जोडलेत तिथं हातोडीनं हलकेच ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बसका आला तर पत्रा आतून गेलाय.

पैशांची काळजी करू नकोस, ब्रेकचं सगळं सामान माझ्याकडून. मास्टर सिलिंडरच्या आतल्या व्यासाचा आकडा त्याच्या अंगावर कोरलेला असतो, तो वाचून कळव, म्हणजे चुकीचा येणार नाही. आबांना सांग, दासनवमीला गाडी सज्जनगडाच्या पायथ्याला नेण्याइतकी तयार व्हावी असं माझ्या मनात आहे. त्यांच्या गुडघ्यासाठी डाव्या बाजूला पायरी लावून घे, ती आधी लाव, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

आईला नमस्कार, वहिनींना नमस्कार, पोरांना गोड पापा. ड्रम उघडलेस की प्रत्येक चाकाच्या लायनरचा वेगळा फोटो पाठव, डावं-उजवं लिहून. कुठली बाजू जास्त झिजलीय ते दिसलं की पुढचं सांगतो.

तुझा,
धाकटा