जुळे सोलापूरच्या गच्चीवरचा अँटेना

सोलापूर
12 डिसेंबर

प्रिय बंड्या,

काय बे, हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संभाषणाचा परवाना आला आणि पेढे तिकडे पुण्यातच वाटून मोकळा झालास? अभिनंदन, पण माझे पेढे बाकी राहिले. तू पाठवलेली अँटेनांची चित्रं बघितली. इथल्या घराच्या गच्चीसाठी यातला कुठला घेऊ म्हणतोस, तर तूर्त एकही नको. फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस, म्हणून लिहूनच पाठवतोय.

आधी हे ठरव, की बोलायचंय कुणाशी. तुझी सगळी चित्रं दोन मीटर बँडच्या (लहरीची लांबी साधारण दोन मीटर) उभ्या अँटेनांची आहेत, 144 ते 146 मेगाहर्ट्झवाल्या. या लहरी साधारण नजरेच्या टप्प्यात चालतात. तुझ्या गच्चीवर पाईप उभा केला, की अँटेना जमिनीपासून 12 मीटरवर जाईल. तिथून रेडिओचं क्षितिज 14 किलोमीटरच्या आसपास येतं. समोरच्याचा अँटेनाही तेवढाच उंच असला, तर 28. म्हणजे अक्कलकोटवाला लागला तर खरखरत लागेल, पंढरपूरची आशा धरू नकोस. तुळजापूर घाटावर आहे, तिथल्या उंचीचा फायदा मिळतो. आपला मुलूख सपाट. वाटेत डोंगर आडवा येत नाही हे खरं, पण चढून बसायलाही डोंगर नाही.

आता त्या चित्राखालच्या ‘नऊ डीबी गेन’विषयी, म्हणजे एका दिशेला शक्ती किती वाढते त्या डेसिबलमधल्या आकड्याविषयी. अँटेना काही नवी शक्ती तयार करत नाही. पिठाचा गोळा तेवढाच असतो, भाकरी मोठी थापली की पातळ होणारच. लांब कोलिनिअर अँटेना, म्हणजे एकावर एक तुकडे जोडलेला दांडा, वरची-खालची शक्ती दाबून क्षितिजाकडे पसरवतो. त्यामुळे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक डोक्यावरून जाताना 145.800 वर जे बोलतं, ते ऐकायला हा महागडा दांडा कमी पडतो आणि साधा ग्राउंड प्लेन बरा ठरतो. शिवाय हा नऊचा आकडा डीबीडीत (साध्या डायपोलच्या तुलनेत) आहे की डीबीआयमध्ये (सगळीकडे सारखी शक्ती फेकणाऱ्या काल्पनिक अँटेनाच्या तुलनेत), ते विचारून घे. एकाच अँटेनाचा आकडा डीबीआयमध्ये 2.15 ने फुगतो.

दोन मीटरसाठी तू ग्राउंड प्लेनच कर. मधे साधारण 49 सेंटिमीटरची उभी सळई, खाली तेवढ्याच चार, 45 अंशांत खाली झुकवलेल्या. झुकवल्यामुळे इम्पिडन्स (विजेला होणारा विरोध) 50 ओहमच्या जवळ येतो, म्हणजे केबलशी जुळतो. घरी अर्ध्या दिवसाचं काम आहे.

वाचलेले पैसे केबलमध्ये घाल. तुझा रेडिओ तळमजल्यावर अण्णांच्या खोलीत राहणार, म्हणजे गच्चीपासून 20 मीटर केबल धर. आरजी-58 ही बारीक केबल वापरलीस, तर दोन मीटर बँडवर निम्म्याहून जास्त शक्ती केबलमध्येच विरते. जाड आरजी-213 मध्ये एक तृतीयांशाच्या आसपास जाते. हजारोंचा अँटेना घेऊन त्याला बारीक केबल जोडणारे मी बघितलेत, आणि त्यांना समजावण्यात अर्थ नसतो.

पण बंड्या, खरं सांगू का? सोलापुरात नुसत्या दोन मीटरवर बसलास, तर महिन्याभरात कंटाळशील. सकाळपासून हाका मारशील आणि उत्तर देणारे तेच दोघं-तिघं. तू आधी 40 मीटर बँडचा उलटा व्ही टाक. 7.1 मेगाहर्ट्झला एकूण 20 मीटर तार लागते, प्रत्येक बाजूला 10. मधे एकच पाईप, दोन्ही तारा उतरत्या, मधला कोन 90 अंशांपेक्षा कमी नको. तरंगलांबीच्या मानाने हा अँटेना बुटका असतो. म्हणून लहरी जवळजवळ सरळ वर जातात आणि आयनोस्फिअर या वातावरणाच्या वरच्या थरावरून परत खाली येतात. दिवसा पुणे, मुंबई, कोल्हापूर, हैदराबाद असं सगळं त्या छत्रीखाली येतं. विकतच्या कुठल्याही दांड्यापेक्षा मला ही तार जास्त आवडते.

मी तुझ्या घरी जाऊन गच्ची मोजून आलो. कर्ण 50 फूट भरतो, तार त्याच्यापेक्षा थोडी बाहेर जाते. मागचं टोक शेवग्याला बांधू. पुढचं कठड्यापाशी चार-पाच फूट खाली सोडलं तरी चालेल. फक्त पाठवताना टोकांना व्होल्टेज चढतं आणि अण्णा रोज संध्याकाळी गच्चीवर फेऱ्या मारतात, तेव्हा हाताला लागणार नाही अशा बेतानेच सोडायचं. “आता याच्यावर बातम्या येणार का रे?” असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणून टाकलं.

तुमच्या बाजूला यंत्रमागांची खरखर नाही, ते सुख आहे. पण शेजाऱ्याने सोलर बसवलंय, त्याच्या इन्व्हर्टरपासून केबल लांबून आणू. पाईप मात्र बेताचाच ठेव. विमानतळ होटगी रोडला, तुझ्यापासून फार लांब नाही. 2023 च्या जूनमध्ये विमानांच्या वाटेत येते म्हणून साखर कारखान्याची आख्खी चिमणी पाडली, हे तुला ठाऊकच आहे. उंची वाढवायची असेल तर आधी चौकशी करू. आणि मागच्या गल्लीतल्या विजेच्या तारांपासून एवढं अंतर ठेवायचं, की पाईप आडवा पडला तरी तिथवर पोचता कामा नये.

अर्थिंग वळीव सुरू व्हायच्या आत झालं पाहिजे. उन्हाळ्यात काळी माती भेगाळली की रॉडचा मातीशी धड संबंध राहत नाही, म्हणून खड्ड्यात पाणी घालत राहायचं. आभाळ भरून आलं की केबल काढून खिडकीबाहेर टाकायची, हे वहिनींनाही दाखवून ठेव. तू घरी असशीलच असं नाही.

तिकडे पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास फेरी मार. आरजी-213 चं 20 मीटर, चांगले पीएल-259 कनेक्टर आणि जोडांवर लावायची सेल्फ अमालगमेटिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी) टेप घे. कनेक्टर स्वस्तातले नकोत, पाणी तिथूनच शिरतं. 40 मीटर बँडला 20 मीटर आरजी-58 सुद्धा पुरते, ती माझ्याकडे पडून आहे. तार आणि पाईप इथेच घेऊ. प्लॅस्टिकचं आवरण असलेली तार थोडी आखूडच लागते, पण आधी लांब ठेवून नॅनोव्हीएनए हे अँटेना मोजायचं यंत्र लावून हळूहळू कापू. गड्ड्याच्या यात्रेला येशील तेव्हा दोन दिवस जास्त काढ. पहिल्या दिवशी पाईप आणि तार, दुसऱ्या दिवशी एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते ते बघू. वहिनींना सांग, जेवण आमच्याकडे.

तुझाच,
दत्त चौकातला दोस्त