विषय: पहिल्या मजल्यावरच्या काकूंची फसवणूक आणि आपल्या सोसायटीची यादी

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समितीचे सर्व सदस्य

महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात ए विंगच्या पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या खात्यातून १,८६,००० रुपये गेले, हे आता सगळ्या सोसायटीला माहीत आहे. ते कसे गेले, हे मात्र बहुतेकांना अर्धवटच माहीत आहे. "या वयात मोबाइलच्या भानगडीत पडायचेच कशाला," हे वाक्य लिफ्टमध्ये दोनदा माझ्या कानावर पडले. ते मला लागले, म्हणून हे पत्र लिहिते आहे. काकूंची परवानगी घेतली आहे. "फक्त नाव घालू नकोस," एवढेच त्या म्हणाल्या.

त्या दिवशी दुपारी काकूंना व्हॉट्सॲपवर मेसेज आला की पाइप गॅसचे मागचे बिल नोंदले गेलेले नाही, आज रात्री साडेनऊला गॅस बंद होईल. असे मेसेज मलाही येतात आणि मी ते पुसून टाकते. पण काकूंच्या मेसेजमध्ये काकांचे पूर्ण नाव होते, विंग होती, फ्लॅट नंबर होता. काकांना जाऊन चार वर्षे झाली, तरी गॅसचे बिल आणि सोसायटीचे बिल अजून त्यांच्याच नावाने येते. पाठोपाठ फोन आला. मुलगा स्वच्छ मराठी बोलत होता, "आजी" म्हणत होता आणि बोलता बोलता म्हणाला, "तुमचा दोन महिन्यांचा मेंटेनन्सही राहिलाय ना?" तिथे काकूंचा संशय संपला. हा आपल्या सोसायटीच्या ऑफिसशी संबंधित कुणीतरी असणार, असे त्यांना वाटले. मलाही वाटले असते.

आता या माहितीकडे बघा. जूनमध्ये आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर थकबाकीदारांची यादी टाकली गेली. त्यात सभासदाचे नाव, फ्लॅट, मोबाइल नंबर, पार्किंग, गाडीचा नंबर आणि बाकी रक्कम असे सगळे रकाने होते. त्या ग्रुपवर आज सोडून गेलेले भाडेकरू आहेत, दोन इस्टेट एजंट आहेत, टाकी साफ करणारा कंत्राटदारही आहे. ती यादी त्या भामट्याच्या हाती लागली याचा पुरावा माझ्याकडे नाही. पण काकांचे नाव, काकूंचा नंबर आणि दोन महिन्यांची बाकी या तीन गोष्टी एकत्र मला त्या यादीखेरीज कुठेच सापडल्या नाहीत. सभासदांची यादी ठेवणे सहकार कायद्याने बंधनकारक आहे, हे मान्य. पण कायद्याने ठरवलेल्या त्या यादीच्या 'जे' नमुन्यात ना मोबाइल नंबर असतो, ना थकबाकी, ना गाडी. ते रकाने आपण आपल्या सोयीसाठी वाढवले आणि चव्हाट्यावर मांडले.

पुढचे थोडक्यात सांगते, कारण उद्या ते कुणाच्याही घरात घडू शकते. त्याने 'गॅस बिल अपडेट' नावाची एपीके फाइल पाठवली. एपीके म्हणजे प्ले स्टोअरला वळसा घालून थेट फोनमध्ये शिरणारे ॲप. फोनने काकूंना विचारले होते की अनोळखी ठिकाणचे ॲप टाकायचे का. "हो म्हणा आजी, कंपनीचेच आहे," असे तो म्हणाला. मग ॲपने एसएमएस वाचायची परवानगी मागितली, तीही दिली. शेवटी नोंदणीचे फक्त १२ रुपये भरायचे म्हणून कार्डाची सगळी माहिती त्या ॲपमध्येच लिहून घेतली. काकूंनी ओटीपी कुणालाही सांगितला नाही, हे त्या आजही शपथेवर सांगतात आणि ते खरे आहे. सांगायची गरजच उरली नव्हती. बँकेचा प्रत्येक ओटीपी ते ॲप परस्पर पुढे पाठवत होते. तो मुलगा चाळीस मिनिटे काकूंना बोलण्यात गुंतवून होता आणि तेवढ्या वेळात सात वेळा पैसे निघाले.

हे दुपारी चारच्या सुमाराचे. मला कळले दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, तेही मी कढीपत्ता मागायला खाली गेले म्हणून. फोन कुठे आहे विचारले, तर त्यांनी तो नॅपकिनमध्ये गुंडाळून डाळीच्या डब्यामागे ठेवला होता. त्याच्याकडे बघवत नव्हते त्यांना. रात्रभर जेवल्या नव्हत्या. मुलाला सांगितले नव्हते, तो रागावेल म्हणून. शेजारी सांगितले नव्हते, लोक हसतील म्हणून.

अध्यक्ष महोदय, पैसे काढले भामट्याने, पण ते हाती न लागण्याइतका वेळ गेला तो या लाजेमुळे. १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन केला की तक्रार संबंधित बँकांपर्यंत जाते आणि पैसे ज्या खात्यात पोहोचले असतील तिथे ते रोखून धरता येतात. पण ही टोळकी दुसऱ्यांची भाड्याने घेतलेली खाती वापरतात आणि पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात असे झरझर हलवतात. आम्ही फोन केला तेव्हा १८ तास उलटले होते. एका खात्यात २३,००० सापडले, ते गोठवले गेले. बाकीचे एटीएममधून निघून गेले होते. दुसरी गोष्ट रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाची. चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही, अशा फसवणुकीत तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवले, तर ग्राहकावर काहीच तोशीस येत नाही. ग्राहकाचा हलगर्जीपणा ठरला, तरी बँकेला कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेच्या माथी. म्हणजे दोन्हीकडून मोल आहे ते लवकर बोलण्याला. आणि जिथे लिफ्टमध्ये अशी वाक्ये ऐकू येतात, तिथे माणूस लवकर बोलत नाही.

मी ३१ वर्षे बँकेच्या काउंटरवर काढली. एखाद्या आजोबांबरोबर अनोळखी माणूस येऊन मुदत ठेव मोडायला लागला की आम्ही हातातले काम ठेवून विचारायचो, "आजोबा, हे कोण? पैसे कशाला हवेत?" कधी कधी ते चिडायचे. पण तेवढ्या विचारण्याने दोन-तीन घरे तरी वाचलेली मी स्वतः पाहिली आहेत. आता तो काउंटर काकूंच्या स्वयंपाकघरात आला आहे आणि पलीकडून विचारणारे कुणी नाही. ते विचारणे आता शेजाऱ्यांनाच करावे लागेल. पोलीस असल्याची बतावणी करून, 'डिजिटल अरेस्ट' म्हणजे फोनवरच्या अटकेच्या नावाखाली म्हातारी माणसे दोन-दोन दिवस व्हिडिओ कॉलसमोर बसवून ठेवली जातात. कायद्यात अशी अटकच नाही, हे पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये सांगितले, तरीही लोक फसतात, कारण घाबरलेला माणूस एकटा असतो. दोन दिवस दार न उघडणाऱ्या फ्लॅटची बेल कुणी वाजवली, तर तो कॉल तिथेच तुटेल.

आता समितीच्या हातातल्या गोष्टी. ती यादी ग्रुपवरून काढावी, पुढे थकबाकीचे पत्र ज्याचे त्याला जावे आणि ग्रुपवर फक्त आज राहणारी माणसे ठेवावीत. ग्रुपच्या ॲडमिननी आपापल्या व्हॉट्सॲपला टू-स्टेप व्हेरिफिकेशन (ओटीपीखेरीज आपला स्वतःचा वेगळा पिन) आजच लावावे. एका ॲडमिनचे खाते गेले तर "अर्जंट पैसे पाठवा" हा मेसेज सेक्रेटरींच्या फोटोसकट सगळ्यांच्या फोनवर पडेल.

ऑफिसच्या टेबलाचा खालचा ड्रॉवर मी परवा उघडा पाहिला. त्यात घरकाम करणाऱ्या बायका, वॉचमन, ड्रायव्हर आणि भाडेकरू यांच्या आधारच्या झेरॉक्स रबर लावून ठेवल्या आहेत. काही बायका काम सोडून तीन वर्षे झाली. त्या प्रतींवर सही नाही, कशासाठी घेतल्या ते लिहिलेले नाही. माझ्याकडे काम करणाऱ्या ताईंनी तर आधार मॅनेजरच्या स्वतःच्या व्हॉट्सॲपवर पाठवले आहे. या बायकांच्या नावावर उद्या कुणी सिम घेतले, तर पोलीस त्यांच्या दारात येतील आणि त्यांच्या बाजूने बोलायला आपल्यातले कुणी जाणार नाही. शेवटचे चारच आकडे दिसणारे मास्क्ड आधार मिळते, ओळख पटवायला ते घ्यावे. काम सोडलेल्यांच्या प्रती फाडून टाकाव्यात. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा हेच सांगतो: कामापुरती माहिती घ्या, काम संपले की काढून टाका. पण कायदा नसता तरी मी हे मागितलेच असते.

सीसीटीव्हीचा डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारा डबा, वॉचमनच्या केबिनमध्ये आहे आणि त्याचा पासवर्ड वरच पांढऱ्या पट्टीवर लिहून चिकटवला आहे. बसवणाऱ्याने दिलेला, पहिल्या दिवसापासूनचा. ऑक्टोबर २०१६ मध्ये अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारख्या साइट काही तास कोलमडल्या होत्या, त्या असल्याच कॅमेऱ्यांचा आणि डीव्हीआरचा इंटरनेटवरून ताबा घेऊन उभ्या केलेल्या फौजेमुळे. मिराई नावाच्या त्या प्रोग्रॅमजवळ कारखान्यातून आलेल्या जेमतेम साठेक नाव-पासवर्डांची यादी होती, तेवढी पुरली. आपल्या कॅमेऱ्यात मुले शाळेच्या बसला कधी जातात आणि कुणाचे घर दिवसभर बंद असते, हे रोज दिसते. पट्टी काढायला आणि पासवर्ड बदलायला दहा मिनिटे लागतील.

सगळ्यांत मोठी काळजी सोसायटीच्या खात्याची आहे. यंदा इमारतीची दुरुस्ती आणि बाहेरचा रंग निघणार, सिंकिंग फंडातून (मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेल्या निधीतून) मोठे हप्ते जाणार. नेट बँकिंगचा पासवर्ड मॅनेजर टाकतात आणि ओटीपी अजून मागच्या खजिनदारांच्या नंबरवर जातो, जे बेंगळुरूला राहायला गेले. ते सज्जन आहेत, फोन करून ओटीपी सांगतात. पण ओटीपी फोनवर सांगायचा नाही हे आपण काकूंना शिकवायला निघालो आहोत. नोंदणी नव्या खजिनदारांच्या नंबरवर करावी, एकाने भरायचे आणि दुसऱ्याने मंजूर करायचे अशी सोय बँकेकडे मागावी. आणि "आमचे खाते बदलले, पुढचा हप्ता इथे पाठवा" असा कंत्राटदाराचा ई-मेल आला, तर करारनाम्यावरच्या जुन्या नंबरवर स्वतः फोन करून विचारल्याशिवाय एक रुपयाही सोडू नये. असे ई-मेल खऱ्या माणसाच्या फोडलेल्या खात्यातूनही येतात, त्यामुळे पत्ता तपासून भागत नाही.

हे विषय वार्षिक सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावेत, ही विनंती. सभेची वाट न बघता एक काम मी स्वतः करायला तयार आहे. दर शनिवारी संध्याकाळी ५ ते ७ क्लब हाउसमध्ये एक टेबल आणि चार खुर्च्या द्याव्यात. ज्यांना हवे त्यांचा फोन त्यांच्यासमोर, त्यांच्याच हातात ठेवून बघू: नको ते ॲप आहे का, कोणत्या ॲपला एसएमएसची परवानगी दिली आहे, कॉल दुसरीकडे वळवले आहेत का (##००२# डायल केले की वळवलेले सगळे रद्द होतात), १९३० नंबर सेव्ह आहे का. कुणाला काही आधीच घडले असेल आणि सांगवत नसेल, तर त्यांनी माझ्या घरी यावे, बाहेर जाणार नाही.

पहिल्या शनिवारी शेजारच्या खुर्चीवर बसायला काकू तयार झाल्या आहेत.

कळावे,

आपली नम्र,
एक सभासद, बी विंग