छापील वेत आणि अर्धवट वर्तमानपत्र

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला घनवादावरचा (‘क्युबिझम’ या चित्रशैलीवरचा) लेख वाचला. वस्तू फोडायच्या, तुकडे विस्कटून मांडायचे आणि अर्थ ज्याचा त्याने लावायचा, असा त्याचा सूर आहे. तो पटला नाही.

सोबत छापलेले घनवादी चित्रकार पिकासोचे मे १९१२ मधले वेताच्या खुर्चीचे स्थिरचित्रच घ्या. जेमतेम २९ बाय ३७ सेंटीमीटरचे, लंबगोल. पेला, सुरी, लिंबाची फोड, पाइप एकमेकांत असे अडकलेत की ओळखायला वेळ लागतो. वेताची जाळी मात्र पाहताक्षणी कळते, आणि नेमकी तीच खोटी! पिकासोने ती रंगवलेलीच नाही. वेताची वीण छापलेले मेणकापड कापून चिकटवले आहे. हुबेहूब दिसते ते छापखान्यातले आणि हाताने काढलेले ते ओळखू येईना, ही थट्टा चित्राच्या घडणीतच आहे. भोवतीचा दोर खरा. तो चौकट होतो, तसाच तिरका पाहिलेल्या गोल टेबलाचा काठही. दोन्ही अर्थ टिकतात, कारण चित्रात त्यांना आधार आहे. उद्या कुणाला त्यात मोर दिसला, तर त्याला तसा आधार कुठला?

मी चित्रकला शिक्षक होतो. इंटरमिजिएटच्या स्थिरचित्राला मुलांना बजावायचो, ‘जागा सोडू नका, मान हलवू नका.’ पेल्याचे तोंड वरून पाहिल्यासारखे गोल आणि बूड समोरून पाहिल्यासारखे सपाट काढणाऱ्याचे गुण कापायचो. घनवादी चित्रकार जाणूनबुजून हेच करत होते. टेबलाभोवती फिरताना, वस्तू हाताळताना जे कळते ते त्यांना एकाच कॅनव्हासवर हवे होते. (ज्यांचे गुण कापले, त्यांची आता उशिरा क्षमा मागतो.)

राहिली चित्रात रंगवलेली ‘जे, ओ, यू’ ही अक्षरे. फ्रेंचमध्ये वर्तमानपत्राला ‘झुर्नाल’ म्हणतात, त्याची ही सुरुवात. आणि ‘खेळणे’ या अर्थाच्या क्रियापदाचीही. टेबलावर पेपर पडलाय, इतके सांगायला तीन अक्षरे पुरली. आपल्या पुरवणीत चित्राची वरची डावी बाजू कापली गेल्याने ती दिसतच नाहीत. पुन्हा छापाल तेव्हा एवढे वर्तमानपत्र तरी शाबूत ठेवावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त कलाशिक्षक, सांगली