बाबा, गोळ्या बंद करू नका

ठाणे, रविवार

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

काल पहाटे सुखरूप पोचले. आंबे एकही न डागता आले. हे सगळं गुहागरला असतानाच बोलायचं होतं, पण तुमच्यासमोर घसा भरून आला असता, म्हणून लिहिते आहे.

बाबा, गुरुवारी निरांजन लावायला काडेपेटी शोधत होते, तेव्हा फडताळातला तुमच्या गोळ्यांचा डबा उघडला. एक तारखेला आणलेल्या पट्ट्यांपैकी पहिलीतल्या तीन गोळ्या काढलेल्या, बाकी सगळ्या तशाच. त्या दिवशी 18 तारीख होती. मी दोनदा मोजल्या. आईला विचारलं तर ती म्हणाली, "तूच विचार त्यांना." संध्याकाळी तुम्ही ओटीवर बसलात तेव्हा तुमचा रक्तदाब घेतला, 164 वर 98. "वाडीतून आत्ता आलोय म्हणून," म्हणालात. अर्ध्या तासाने परत घेतला तरी तेवढाच होता.

तुमच्या पहाटेच्या योगाबद्दल माझी काहीही तक्रार नाही. दोन वर्षांपूर्वी स्टेंट घालून आणलं तेव्हा तुम्ही समुद्रापर्यंत चालायलाही घाबरत होतात. रात्री छातीवर हात ठेवून जागे असायचात. ती भीती प्राणायामाने आणि शवासनाने गेली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण "योग आहे, आता गोळ्यांची गरज नाही" हे तुम्हाला ज्यांनी सांगितलं, त्यांनी चूक सांगितलं.

तुम्ही स्वामी कुवलयानंदांना मानता. 1924 मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था काढली आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केलं, ते कशासाठी? योगाचा परिणाम यंत्राने मोजून लोकांपुढे ठेवायचा होता म्हणून. उड्डियान आणि नौली या पोटाच्या क्रिया करताना पोटातला दाब किती उतरतो हे त्यांनी मोजलं, क्ष-किरणांखाली तपासलं. जे दिसलं तेच लिहिलं. त्यांना मानायचं तर मोजलेलं ऐकायला हवं ना, बाबा?

आणि मोजलेलं पुष्कळ आहे. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. दाते यांनी रक्तदाबाच्या 47 रुग्णांना शवासन शिकवलं आणि 1969 मध्ये निष्कर्ष छापले. अनेकांचा रक्तदाब उतरला, काहींची औषधाची मात्राही कमी करता आली. पण कमी केली ती डॉक्टरांनी, रक्तदाब बघत बघत. रुग्णाने आपल्या मनाने डबा मिटून ठेवला नाही.

तुमच्यासारख्यांवरचा सगळ्यात मोठा अभ्यास आपल्याच देशात झाला. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले 3959 रुग्ण, देशभरातली 24 रुग्णालयं. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला 12 आठवड्यांत योगाचे 13 वर्ग, दुसऱ्याला नेहमीचा सल्ला आणि माहिती. 2020 मध्ये निकाल छापून आला. योग करणाऱ्यांना आपली तब्येत जास्त चांगली वाटत होती, आणि झटक्याआधीची कामं ते दुसऱ्या गटापेक्षा चांगल्या रीतीने परत करू लागले होते. तुमचं अगदी हेच झालं. पण पुन्हा झटका, पक्षाघात, मृत्यू किंवा हृदयविकारासाठी तातडीने रुग्णालयात भरती यांचं एकत्रित प्रमाण योगाच्या गटात 6.7 टक्के आणि दुसऱ्यात 7.4 टक्के. हा फरक इतका थोडा की तो योगामुळेच पडला असं म्हणता येत नाही. आणि नेहमीचे उपचार दोन्ही गटांचे चालूच होते. गोळ्या सोडून नुसता योग केल्यावर काय होतं, हे त्या अभ्यासाने तपासलेलंच नाही. त्याच्या आधारावर गोळ्या सोडता येणार नाहीत.

तुम्ही पोफळींना शेणखत घालता, शिंपण चुकवत नाही. तरी पाऊस लागायच्या आत कोळेरोगासाठी बोर्डो मारताच ना? झाड तजेलदार आहे म्हणून यंदा फवारणी नको, असं तुम्ही कधी म्हटल्याचं मला आठवत नाही. डॉक्टर योगाला पूरक उपचार म्हणतात तो याच अर्थाने. आणि त्या डब्यात रक्तदाबाची एकच गोळी नाही, रक्त पातळ ठेवणारीही आहे. ती परस्पर सोडली तर स्टेंटच्या जाळीत गुठळी होऊ शकते. गुरुवारी रात्री मला झोप लागली नाही ती या विचाराने.

शीर्षासनही थांबवा. तुमच्या डोळ्यांत काचबिंदूचे थेंब घालतो. 2006 मध्ये योग करणाऱ्या 75 जणांची तपासणी छापली गेली, त्यात शीर्षासनात डोळ्यातला दाब दुपटीवर गेलेला दिसला.

आई, आता तुझं. अंगणात सोलं वाळत घालताना तू दर वेळी कमरेवर हात ठेवून उठत होतीस, आणि माझी नजर गेली की हात काढत होतीस. "आगोटीची कामं झाली की दुखायचं थांबेल," हे मी गेली पाच वर्षं ऐकते आहे. योग म्हणजे बाबांचं खूळ, असं तू म्हणतेस. पण जुन्या कंबरदुखीवर तर योगाचा पुरावा चांगला आहे. अमेरिकेत 320 जणांवर 12 आठवडे अभ्यास झाला, 2017 मध्ये छापला. बेताने बसवलेला योगाचा वर्ग फिजिओथेरपीपेक्षा उणा पडला नाही. त्याच वर्षी तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेने जुन्या कंबरदुखीत गोळ्यांच्या आधी करायच्या उपायांत योग धरला. मात्र बाबांचं बघून पुढे वाकायची आसनं करू नकोस. आधी हाडांची तपासणी करू. तोवर विळी ओट्यावर घे, खाली बसून नारळ खवू नकोस.

पुढच्या सोमवारी 11 वाजता चिपळूणच्या डॉक्टरांकडे दोघांचा नंबर लावलाय. मी शनिवारी रात्री निघते. बाबा, राहिलेल्या गोळ्या आपल्या मनाने एकदम सुरू करू नका. आज संध्याकाळीच डॉक्टरांना फोन करा, किती दिवस घेतल्या नाहीत ते खरं सांगा आणि ते सांगतील तशा घ्या. फोन झाला की मला कळवा, मी वाट बघते आहे. आई, जुने कागद आणि ईसीजी निळ्या पिशवीत आहेत, ते वर काढून ठेव.

तुमची,
सुमी