तेराव्याआधीचा प्रयोग

सांगली
शुक्रवार, रात्र

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू दोन गोष्टी विचारल्यास. आजी जाऊन आठवडाही झाला नाही, तर नाटकाचा बुधवारचा प्रयोग करू का, ही एक. आणि तिसऱ्या घंटेआधी नटराजापुढे हात जोडताना आता खोटं वाटतं, त्याचं काय करू, ही दुसरी. दोन्हींची उत्तरं फोनवर देण्यासारखी नव्हती, म्हणून लिहितोय. सावकाश वाच. आज झोप आली असेल तर उद्या वाच.

तुला तिथे कुणी ना कुणी बालगंधर्वांचं उदाहरण दिलंच असेल. १२ मार्च १९११, मुंबईत 'मानापमान'चा पहिला प्रयोग, त्याच दिवशी त्यांची मुलगी गेली आणि तरीही ते नायिका भामिनी म्हणून उभे राहिले. गोष्ट खरी आहे. नाटक आपल्या सांगलीच्या खाडिलकरांचं, त्यामुळे इकडे ती जरा जास्तच अभिमानाने सांगतात. पण नटाला ती चाबकासारखी दाखवली जाते ते मला पटत नाही. त्यातली एक बाजू सांगायची राहूनच जाते. भामिनी ही मूल गमावलेली आई नव्हे. श्रीमंताघरची मानी मुलगी आहे ती. शिवाय ते संगीत नाटक. गोविंदराव टेंब्यांच्या चाली, साथीला तबला-ऑर्गन, प्रत्येक पद घोटून घोटून बसवलेलं. माणूस आतून कोसळला तरी ताल त्याला पुढच्या समेपर्यंत घेऊन जातो. तुझ्या भूमिकेत हा आधार नाही. तुझी बाई दुसऱ्या अंकात गेलेल्या मुलाचे कपडे घड्या करून पेटीत ठेवते, आणि तेही जवळजवळ न बोलता. म्हणून 'त्यांनी केलं, मग मी का नाही' असा हिशेब मांडू नकोस.

त्याच काळातली दुसरी गोष्ट ध्यानात ठेव. ८ जुलै १९२१ ला केशवराव भोसले आणि बालगंधर्व यांचा संयुक्त 'मानापमान' झाला, आणि ४ ऑक्टोबरला केशवराव विषमज्वराने गेले. वय ३१. एवढा नट गेला तरी त्यांची नाटक कंपनी ललितकलादर्श बंद पडली नाही, बापूराव पेंढारकरांनी ती पुढे चालवली. तेव्हा तू एक प्रयोग सोडलास तर संस्था बुडत नाही. हे मनात पक्कं असेल तरच तुझा होकार मोकळा असेल. भीतीपोटी दिलेला होकार स्टेजवर दिसतो, आवाज वरच्या पट्टीत अडकतो आणि हात कोपरापासून आखडतात.

मग ठरवायचं कसं? रविवारी तालमीत तो पेटीचा प्रवेश तीनदा कर. एकदा नुसत्या हालचाली, संवाद सपाट, भावना शून्य. एकदा नेहमीसारखा. आणि एकदा कपडेपट व स्टेजवरच्या वस्तूंसह. तिसऱ्या वेळेनंतर घड्याळ लाव. दहा मिनिटांत तू पाणी पिऊन, कुणाशी तरी जेवणाबद्दल साधं बोलू शकलीस, तर बुधवारी उभी राहा. दहा मिनिटांनंतरही हुंदका थांबत नसेल किंवा हात गार पडत असतील, तर त्याच रात्री दिग्दर्शकाला सांग. सोमवार-मंगळवार असे दोन पूर्ण दिवस बदलीला मिळतात, तेवढ्यात दुसरी मुलगी निदान जागा आणि क्यू, म्हणजे कधी बोलायचं त्या खुणा, तरी बसवू शकते. मंगळवारी रात्री सांगितलंस तर मात्र सगळ्यांवर अन्याय होईल. आणि सांगायचं ते आधी दिग्दर्शकाला. सहकलाकारांत कुजबुज झाली की प्रत्येक जण तुला सांभाळायला लागतो आणि त्यांचे स्वतःचे क्यू हुकतात.

करायचं ठरलं तर काही गोष्टी लक्षात घे. दुःखात पाठांतर फसतं, पण फसतं ते ठरावीक जागी. मोठी, भरलेली वाक्यं आठवतात. 'बरं, मग', 'तसं नाही, पण' असे जोडणारे तुकडे गळतात आणि पुढचा नट अडकतो. म्हणून तुझे सगळे संवाद एकदा हाताने लिहून काढ आणि हे जोडतुकडे अधोरेखित कर. पाठांतर बसून करू नकोस. भाजी निवडताना किंवा केर काढताना दुप्पट वेगाने म्हण. हात कामात असताना जे आठवतं ते स्टेजवरही टिकतं. प्रॉम्प्टरला त्या चार-पाच जागा दाखवून ठेव.

घसा रडण्याने सुजतो. स्वरतंतू जड होतात, नाक बंद होतं आणि 'म', 'न' सगळे 'ब', 'द' सारखे ऐकू येतात. मंगळवारी रात्री आणि बुधवारी दुपारी पाच-सात मिनिटं साध्या पाण्याची वाफ घे, पण प्रयोगाच्या निदान अर्धा तास आधी बंद कर. कोमट पाणी घोट घोट घेत राहा. ओठ मिटून खालच्या पट्टीत गुणगुण, आधी मंद, मग जरा मोकळं. घसा खाकरू नकोस आणि कुजबुजत बोलू नकोस, दोन्हींनी तो जास्त ताणला जातो. सर्दीची गोळी त्या दिवशी तर अजिबात नको. तोंड कोरडं पडतं आणि डोळ्यांवर झापड येते.

आता आठवणीचं. दिग्दर्शक म्हणतील, आजीला आठव, प्रवेश जिवंत होईल. ते ऐकू नकोस, सायली. आजीचा शेवटचा दिवस त्या पेटीत अजिबात ठेवायचा नाही. एक तर इतकी ताजी जखम तुझ्या ताब्यात नाही. ती एका दिवशी हवी त्याहून दुप्पट येईल आणि दुसऱ्या दिवशी येणारच नाही, आणि तू त्या प्रवेशात वाट बघत उभी राहशील. प्रेक्षकांना ते वाट बघणं लगेच कळतं. दुसरं कारण मला त्याहून मोठं वाटतं. आठवण रोज वापरली की झिजते. विसाव्या प्रयोगात तुला आजीचा चेहरा आठवेल आणि काहीच होणार नाही. प्रयोग त्यातूनही निभावून जाईल. पण ती आठवण तुला घरी आयुष्यभर लागणार आहे, ती तिकिटावर खर्च करू नकोस.

त्याऐवजी काम हाताला दे. सदऱ्याचं दुसरं बटण आधी लाव, मग कॉलर सरळ कर, बाही आत दुमड, तळहात एकदाच वरून फिरव. प्रत्येक प्रयोगात हाच क्रम. एखाद्या सदऱ्याचं बटण खरोखर तुटकं ठेवायला सांग, म्हणजे बोट तिथे अडखळेल. भाव तिथून वर येतो, आणि आला नाही तरी प्रवेश उभा राहतो. आठवण घ्यायचीच झाली तर जुनी घे आणि तिची कड घे. शाळेतल्या मैत्रिणीने गाव सोडलं तेव्हाचा एखादा वास, एखादा आवाज. एवढं पुरतं.

तरीही स्टेजवर रडू आलंच तर दाबू नकोस, दाबलं की गळा आवळतो. आधी श्वास पूर्ण बाहेर सोड. आपण नेमकं उलटं करतो, घाईने आत ओढतो. गुडघे सैल कर, पायाची बोटं फळीवर दाब. पुढचं वाक्य अर्ध्या पट्टीने खाली आणि संथ घे आणि वाक्याचा शेवटचा शब्द जपून पोचव. रडताना पहिला बळी त्याचाच जातो. डाव्या विंगेत पाणी आणि साधा सुती रुमाल घेऊन एक जण उभा ठेव. त्याने तुझ्याशी बोलायचं नाही, पाठीवरून हात फिरवायचा नाही, फक्त द्यायचं. मायेचा हात लागला की बांध फुटतो.

नमस्काराबद्दल. सुतक दहाव्याला, सोमवारी फिटतं. तरी काही लोक तेराव्यापर्यंत पूजेला हात लावत नाहीत. कुणाच्या मनात शंका राहू नये म्हणून बुधवारचा नारळ दुसऱ्याने वाढवावा, तू मागे उभी राहा. प्रयोग आहे म्हणून उपास धरायचा विचार असेल तर सोड. कोरडा घसा आणि रिकामं पोट घेऊन दोन अंक निघत नाहीत. प्रयोगाआधी तीन तास भात-वरण खा.

आणि खोटं वाटण्याचं म्हणशील तर, देवाशी भांडण झालं असेल तर असू दे. आजीचंही व्हायचं आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा दिवा लावायची. पण तो नमस्कार तुझ्या एकटीचा नाही. ५ नोव्हेंबर १८४३ ला इथे सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' उभं केलं, तेव्हापासून गणपती आणि सरस्वती आधी येतात, मग नाटक. तमाशात गण झाल्याशिवाय गवळण नाही. यात श्रद्धा आहेच. त्याबरोबर व्यवस्थाही आहे. त्या दोन मिनिटांत सगळे एका जागी येतात, बोलणं थांबतं, कोण आलं नाही ते कळतं, प्रत्येकाचा श्वास एका लयीत येतो. ती दोन मिनिटं गाळली की पहिली पाच-सात वाक्यं विस्कटतात. आज तुला देव दिसत नसेल तर फळीला हात लाव. ती कुणीतरी ठोकून घट्ट केली आहे, दिवा कुणीतरी नेमक्या जागी लावला आहे, पेटीत कपडे कुणीतरी क्रमाने रचले आहेत. तू बुधवारी या माणसांच्या भरवशावर उभी राहणार आहेस. हात जोडायला तेवढं पुष्कळ आहे.

बालगंधर्वांचंच पुढचं आयुष्य बघ. कंपनी कर्जात गेली, बोलपट आले, दिवस फिरले. १९३१ मध्ये ते नाटकात संत कान्होपात्रा झाले, १९३५ मध्ये 'धर्मात्मा' बोलपटात संत एकनाथ, आणि पाय अधू झाल्यावरही भजनं गात राहिले. श्रद्धेने त्यांचं कर्ज फिटलं नाही की पायही बरे झाले नाहीत. पण रोज सूर लावायला एक जागा त्यांच्याकडे राहिली. तुझी तशी जागा कुठली, ते तू शोध. मी सांगितलेली उपयोगाची नाही.

प्रयोग संपल्यावर लगेच लोकांत जाऊ नकोस. कपडे स्वतः काढून स्वतः टांग. खोबरेल तेलाने रंग पूर्ण उतरव, कानामागचाही. तोंड धू, स्वतःचे कपडे घाल आणि मग कौतुक ऐकायला बाहेर ये. यात वीस मिनिटं जातात, ती जाऊ देत. अर्धा रंग तोंडावर ठेवून भेटत राहिलं की ती बाई रात्रभर सोबत येते. नाटक सोडायचं की मालिका धरायची, असला मोठा निर्णय पुढचे तीन महिने घेऊ नकोस. नवीन कामाला हो म्हणण्याआधी एक रात्र जाऊ दे.

सोमवारी दहाव्याला हरिपूरच्या संगमावर मी आणि काका आहोत, त्यासाठी तू धावपळ करू नकोस. बुधवारी प्रयोगानंतर रात्रीची गाडी धर, पाच-सहा तासांत सांगली येते. बसायच्या आधी काहीतरी खा, नुसत्या चहावर निघू नकोस. कितीही पहाट असली तरी मी स्टँडवर असेन. आजीची लुगडी आईने अजून कपाटातच ठेवली आहेत. तू आल्यावर दोघी मिळून घड्या घालणार म्हणते.

तुझा
बाबा