उडालेलं फोल्डर आणि रिस्टोअर

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

पतसंस्थेच्या विंडोज मशीनमधलं फोल्डर उडालंय, तर परवाचा बॅकअप त्याच मशीनवर रिस्टोअर करू का, असं तू विचारलंस. कृपा करून तसं करू नकोस. प्रॉक्समॉक्समध्ये (एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणाऱ्या प्रणालीत) मशीनवर क्लिक करून त्याच्या बॅकअप टॅबमधून रिस्टोअर दाबलंस, तर व्हीएम आयडी (मशीनचा क्रमांक) बदलायची सोयच मिळत नाही. चालू डिस्क पुसली जाते आणि तिच्या जागी जुनी येते. बॅकअपनंतर काउंटरवर झालेली प्रत्येक नोंद तिच्याबरोबर जाते. एका फोल्डरपायी एवढी किंमत मोजायची नाही.

सगळ्यात आधी तो चांगला बॅकअप राखून ठेव. स्टोरेजच्या बॅकअप यादीत ती ओळ निवड आणि ‘चेंज प्रोटेक्शन’ दाब. नाहीतर आपण इकडे विचार करत बसायचो आणि रात्री जुने बॅकअप साफ करणारा प्रून जॉब नेमका तोच बॅकअप काढून टाकायचा. फोल्डर कधी उडालं याची खात्री नसेल, तर त्याच्या आधीचे दोन-तीनही राखून ठेव.

तुझे बॅकअप प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हरवर आहेत, त्यामुळे अख्खं मशीन उतरवायची, म्हणजे रिस्टोअर करायची, गरज बहुधा पडणारही नाही. त्याच यादीत ओळ निवडून ‘फाइल रिस्टोअर’ उघड. मागे एक छोटी तात्पुरती व्हीएम सुरू होते आणि बॅकअपमधली डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडून घेते. म्हणून पहिल्या क्लिकला काही सेकंद जातात, अडकलं समजून बंद करू नकोस. आधी डिस्कचं नाव दिसेल, त्याखाली पार्टिशन. सुरुवातीची लहान पार्टिशन बूटची, सी ड्राइव्ह म्हणजे त्यातलं मोठं. फोल्डर निवडून डाउनलोड कर. ते झिप फाइल म्हणून येतं, आणि झिपमध्ये विंडोजच्या परवानग्या येत नाहीत. जागेवर ठेवल्यावर फोल्डर वरच्या फोल्डरच्या परवानग्या उचलतं, तेव्हा सिक्युरिटी टॅब उघडून कोणाला काय दिसतंय ते बघून घे.

ही वाट दोन ठिकाणी चालत नाही. डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) असेल तर आतलं काही वाचता येणार नाही. आणि फोल्डरमध्ये एसक्यूएल सर्व्हरच्या डेटाबेस फाइली असतील, तर एकटी एमडीएफ (डेटाची फाइल) उचलून चालू डेटाबेसवर टाकू नकोस. तिच्या जोडीची एलडीएफ (लॉगची फाइल) त्याच क्षणाची लागते, आणि गेस्ट एजंट (मशीनच्या आत चालून बॅकअपच्या क्षणी लिहिणं थांबवणारा प्रोग्राम) नसताना घेतलेला बॅकअप म्हणजे वीज गेली त्या क्षणीची डिस्क. तो डेटाबेस पूर्ण मशीन वर आणून त्याच्या आतच उघडायचा, नीट सावरला का ते बघायचं आणि मग एक्स्पोर्ट करून आणायचा.

पूर्ण मशीन उतरवायचं ठरलं तर मूळ मशीनच्या शेजारी उतरव. रिस्टोअर स्टोरेजच्या यादीतून कर, तिथे आयडीचा रकाना मोकळा असतो. १०१ चं मशीन असेल तर ९०१ दे. ‘युनिक’वर खूण कर, म्हणजे मॅक अॅड्रेस (नेटवर्क कार्डाचा क्रमांक) नवा मिळतो. ‘स्टार्ट आफ्टर रिस्टोअर’वर खूण नको. उतरल्यावर हार्डवेअरमध्ये नेटवर्क कार्ड उघडून ‘डिस्कनेक्ट’ कर आणि मगच चालू कर. आतला आयपी जुनाच असतो, तो मूळ मशीनशी भांडतो. त्याहून वाईट म्हणजे आतले ठरलेले जॉब जागे होतात. एसएमएस पाठवणारा किंवा व्याज आकारणारा जॉब दोन ठिकाणांहून चालला तर खातेदारांना काय उत्तर देणार?

सहज नजरेतून सुटणारी एक गोष्ट: ‘स्टार्ट अॅट बूट’ही बॅकअपमधून जसंच्या तसं येतं. होस्ट (ही मशीनं चालवणारा सर्व्हर) रीबूट झाला की ९०१ आपोआप उठेल. ऑप्शन्समध्ये जाऊन ते लगेच बंद कर.

जागा आधी बघ. एलव्हीएम-थिन पूल (मशीनांच्या डिस्क राहतात ती सामायिक जागा) भरला तर रिस्टोअर तर फसतंच, पण त्या पूलवरची चालू मशीनंही लिहिताना अडकतात. डेटा आणि मेटाडेटा (कुठे काय आहे याची नोंद) दोन्हींची टक्केवारी बघायची. वेळेचा हिशोब सोपा आहे: एक गिगाबिटच्या नेटवर्कवर सेकंदाला साधारण ११० एमबी धर, म्हणजे ५०० जीबीला सव्वा तास. डिस्कचे रिकामे भाग लवकर सरतात. बॅकअप सर्व्हरवर साध्या फिरत्या डिस्क असतील तर मात्र याहून बराच जास्त वेळ धर, कारण डेटा लहान तुकड्यांत विखुरलेला असतो. ‘बँडविड्थ लिमिट’ देऊन ठेव, म्हणजे काउंटरचं काम मंदावणार नाही.

‘लाइव्ह रिस्टोअर’चा मोह होईल, कारण मशीन लगेच उठतं आणि डेटा मागाहून येत राहतो. नुसतं बघायला ठीक आहे. पण मध्येच नेटवर्क तुटलं आणि रिस्टोअर फसलं, तर त्या वेळात मशीनवर लिहिलेलं सगळं जातं. काउंटर त्यावर चालू करू नकोस.

मशीन सुरूच झालं नाही तर टास्क लॉगमधली एररची ओळ वाच. दुसऱ्या होस्टवर उतरवलं असेल तर कारण बहुतेक वेळा क्षुल्लक असतं: सीडी ड्राइव्हमध्ये अडकलेली आयएसओ (सीडीची फाइलरूप प्रत) तिथे नसते, किंवा कॉन्फिगमधला ब्रिज (मशीनला नेटवर्कशी जोडणारा आभासी स्विच) त्या होस्टवर नसतो. सीडी काढून टाक, ब्रिज बदल, पुन्हा सुरू कर. विंडोज अॅक्टिव्हेशन मागू शकतं, कारण ‘युनिक’ने मशीनचा यूयूआयडीही (ओळख क्रमांक) बदलतो. तपासणीपुरतं त्याकडे दुर्लक्ष कर. जुने स्नॅपशॉट (मशीनच्या त्या-त्या क्षणी जपलेल्या अवस्था) शोधत बसू नकोस, ते बॅकअपमध्ये नसतातच.

आणखी एक काम आजच कर. तू बॅकअप एन्क्रिप्ट करून ठेवतोस आणि त्याची की (उघडायची किल्ली) होस्टवरच आहे. होस्ट गेला तर की गेली, आणि कीशिवाय ते बॅकअप कोणालाही उघडता येणार नाहीत, बनवणाऱ्यांनाही नाही. की कागदावर क्यूआर कोडसकट छापायची सोय आहे. दोन प्रती काढ, एक तिजोरीत ठेव आणि एक दुसऱ्या शाखेत.

फोल्डर मिळालं की ९०१ काढून टाक. बॅकअप जॉब ‘ऑल’वर असेल तर आज रात्रीपासून त्याचाही बॅकअप सुरू होईल. डिलीट करताना नाव आणि आयडी दोन्ही मोठ्याने वाच, मगच दाब. कुठे अडलं तर टास्क लॉग जसाच्या तसा पाठव, तो वाचून पुढचं सांगतो.

तुझा,
विनय