बारदान कोणी कापायचे?

महोदय,

आपला ई-पेपर मी सकाळच्या चहाबरोबर टॅबवर वाचतो. गेल्या महिन्यात तो आठ दिवस उघडेना. दोष आपला नव्हता. टॅबच सांगत होता की जागा शिल्लक नाही. नात सुट्टीला आली होती, तिने सेटिंग्जमध्ये स्टोरेजचे पान उघडून दिले. ३२ जीबीचा टॅब. त्यात फोटो, व्हिडिओ ६.१, ॲप ७.४, किरकोळ ०.९ आणि ‘सिस्टिम’, म्हणजे टॅब चालवणारी प्रणाली, १७.२! मोकळी जागा ०.४. दुकानात गिऱ्हाइकासाठी एक पाट आणि मालकाच्या सामानासाठी अख्खा माळा, अशी गत.

मी कराडला ३८ वर्षे किराणा दुकान चालवले, आता मुलगा बघतो. त्यामुळे आकडे जुळले नाहीत तर मला झोप लागत नाही. आधी घरचा कचरा काढला. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमधून ‘मॅनेज स्टोरेज’ उघडले, तर शुभ सकाळच्या फुलांनी आणि आमच्या भजनी मंडळाच्या व्हिडिओंनी ४ जीबी अडवलेले. पुसले, पण जागा वाढेना. मग कळले की गॅलरीतून पुसलेले फोटो महिनाभर कचरापेटीत पडून राहतात; पेटी वेगळी रिकामी करावी लागते. व्हॉट्सॲप गप्पांचा बॅकअपही टॅबवरच ठेवते, तोही एक नव्हे, मागच्या काही दिवसांचे साठवून.

मग ॲपची कॅशे, म्हणजे ॲपने तात्पुरती साठवलेली माहिती. इथे माझ्या हातून घोटाळा झाला. ‘क्लिअर कॅशे’ दाबायचे ते शेजारचे ‘क्लिअर डेटा’ दाबले आणि वहीच्या ॲपमध्ये दोन वर्षे उतरवून ठेवलेले अभंग गेले. कॅशे म्हणजे गल्ल्यावरचा कच्चा कागद, फाडला तरी चालतो. डेटा म्हणजे खतावणी. दोन्हींची बटणे शेजारी शेजारी ठेवणाऱ्याने कधी दुकान चालवले नसावे.

एवढे करूनही ‘सिस्टिम’ १७.२ वरून हलली नाही. ६४ जीबीचे मेमरी कार्ड घातले. फोटो तिकडे गेले, ॲप मात्र कार्डावर हलवायची सोयच या टॅबमध्ये नाही. परसात खोली बांधली, पण मांडणी तिकडे न्यायची नाही!

शेवटी नातीने सगळे दुसरीकडे उतरवून घेतले आणि टॅब पार पुसून कारखान्यातून आला तसा केला. मी मुद्दाम शेजारी बसलो होतो. एकही ॲप घालायच्या आत स्टोरेज बघितले. सिस्टिम १४.६. म्हणजे २.६ जीबी इतक्या वर्षांचा साचलेला गाळ होता, तो गेला. पण १४.६ हे रिकाम्या गोणीचे वजन. पन्नास किलोच्या पोत्यात जवळजवळ तेवीस किलो बारदान!

यातला थोडा भाग मोजमापाचा आहे, हे मान्य. विकणारा एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतो, यंत्र आत १०२४ च्या पटीने मोजते. त्या हिशेबाने ३२ चे २९.८ च होतात आणि ही सव्वादोन जीबीची तूट बऱ्याच टॅबमध्ये गुपचूप ‘सिस्टिम’च्या खात्यावर टाकली जाते. आमचे वडील कच्च्या मणाच्या आणि पक्क्या मणाच्या गोष्टी सांगायचे, नाव एकच पण वजने दोन, तसलाच प्रकार. तो घोळ मिटवायला देशाने १९५६ मध्ये कायदा करून किलो-लिटर आणले. शिवाय पुष्कळ अँड्रॉइड उपकरणांत ‘सिस्टिम’ हा आकडा नीट मोजलेला नसतोच. एकूण जागेतून बाकी सगळे वजा करून जे उरते ते त्या नावावर. हिशेब लागला नाही की आम्ही ‘किरकोळ खर्च’ लिहायचो, त्यातली गत. पण आमचा किरकोळ खर्च निम्म्या उलाढालीएवढा कधी नव्हता.

प्रणालीला जागा लागते, हे कळते. सुरक्षेची अपडेट घ्यावीच लागतात, त्यांनाही लागते. गोणीशिवाय तांदूळ येत नाही. माझे म्हणणे एवढेच, की गोणी वजा करून सांगा. सुटे तेल विकताना आम्ही आधी गिऱ्हाइकाच्या किटलीचा धडा करायचो, म्हणजे रिकाम्या किटलीचे वजन वजा धरायचो, मग तेल ओतायचो. आवेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांप्रमाणे पाच रुपयांच्या बिस्किटपुड्यावरही कागद वगळून निव्वळ वजन छापावे लागते. एकदा गुळाच्या पाकिटात कागदाचे वजन धरले गेले होते, तर वजनमापे निरीक्षकाने मला भर दुकानात ऐकवले होते, आणि ते बरोबरच होते. टॅबच्या खोक्यावर मात्र ‘३२ जीबी’ बोटभर अक्षरांत, आणि ‘प्रत्यक्ष उपलब्ध जागा कमी असू शकते’ हे मुंगीच्या अक्षरांत. किती कमी, ते नाही.

आकडा सांगता येत नाही, असेही नाही. २०१३ साली मायक्रोसॉफ्टने सरफेस प्रो बाजारात आणताना स्वतःच सांगितले होते की ६४ जीबीच्या यंत्रात गिऱ्हाइकाला सुमारे २३ जीबी मिळतील. लोकांनी टीका केली ती केली, पण आकडा विक्रीआधी समोर आला. तसाच ‘निव्वळ जागा’ असा आकडा खोक्यावर किमतीइतक्या ठळक अक्षरांत छापणे बंधनकारक व्हावे. राज्याच्या वैधमापन खात्याने आणि केंद्राच्या ग्राहक खात्याने यात लक्ष घालावे. ग्राहक पंचायतीच्या मंडळींनीही हा विषय हाती घ्यावा.

तोवर वाचकांना एक सांगतो. धाकट्या नातवासाठी परवा टॅब बघायला गेलो. खोक्यावर न जाता मांडून ठेवलेला नमुना हातात घेतला, सेटिंग्ज उघडली, स्टोरेजमधला सिस्टिमचा आकडा चिठ्ठीवर उतरवला. मग दुसऱ्याचा, मग तिसऱ्याचा. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, “काका, इथवर येऊन हे कोणी बघत नाही.” मी म्हटले, “आता बघतील.” तिन्हींत सात जीबीचा फरक निघाला. किंमत जवळपास सारखीच होती.

– एक निवृत्त किराणा व्यापारी, कराड (जि. सातारा)